भोकांच्या चार जोड्या

आप्पांच्या मोटारसायकलीची पायरी मी स्वतःच्या हातानं काढली आणि भंगारात घातली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच आहे.

मी चिंचोळी एमआयडीसीत तपासणी विभागात आहे. तयार माल मापात बसतो का ते बघायचं आणि बसला नाही की बाजूला काढायचा, हेच माझं काम. कारखान्यात मला खडूस म्हणतात, घरी बायको त्याहून वाईट म्हणते. जित्याची खोड. हॉटेलात डोसा आला तरी मी आधी त्याच्या कडा बघतो.

आप्पा मागाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टर्नर होते. त्यांच्याकडे लग्नाआधीपासूनची एक जुनी गाडी होती. ते गेल्यावर ती मी हाती घेतली आणि ठरवलं, कंपनीतून निघाली तशीच्या तशी करायची. त्यात तीन वर्षं गेली. दिव्याच्या एका काचेसाठी मी हैदराबादच्या जुन्या बाजारात दोन दिवस उन्हात फिरलो. जे जे कंपनीचं नव्हतं ते ते काढून टाकलं. आप्पांनी लेथवर काढलेले बोल्ट गेले, हातानं वाकवलेला ब्रेकचा दांडा गेला.

पायरीही गेली. आईचा एक पाय लहानपणापासून अधू. तिला मागं चढता यावं म्हणून आप्पांनी मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर रुंद लोखंडी पायरी बसवली होती आणि सीटखाली धरायला एक कडी. गाडीला घट्ट जोडलेल्या ज्या पट्टीवर ही पायरी बसायची, तिच्यावर भोकांच्या चार जोड्या होत्या, एकाखाली एक. वरच्या तीन जोड्या रिकाम्या, बोल्ट सगळ्यात खालच्या जोडीत. मला हसू आलं होतं. एवढा नावाजलेला टर्नर, आणि घरच्या कामात तीनदा माप चुकला!

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आमची गाडी पहिली आली. परीक्षक गुडघे टेकून खालून वरून बघून म्हणाले, "एकही गोष्ट बाहेरची नाही. अस्सल." मी घरी येईपर्यंत हवेत होतो.

"आई, चल," मी म्हणालो, "वैरागला मावशीकडं जाऊन येऊ. आप्पांच्या गाडीवर."

हे तिनं मला तीन वर्षांत कितीदा तरी म्हटलं होतं. एकदा त्या गाडीवर वैरागला माहेरी जायचंय, एवढंच. ती इरकल नेसून बाहेर आली. गाडीला पाठ लावून उभी राहिली, हात मागं नेऊन सीटखाली चाचपलं. पाय थोडा उचलला आणि परत खाली ठेवला.

"पायरी कुटं हाय रं?"

"ती ओरिजिनल नव्हती, आई."

तोंडातून निघून गेलं. माझ्याच कानांना ते ऐकवेना.

"आसू दे की," ती म्हणाली. "यष्टीनं जाऊ. यष्टी काय वाईट हाय?" आणि आत जाऊन लुगडं बदललं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. तो माल कधीच वितळायला गेला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

संध्याकाळी आईजवळ बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आप्पांचं पण माप तीनदा चुकलं होतं ना?"

"चुकलं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "त्येंचं माप कवा चुकलं रं? पैली भोकं लग्नातली. तू झाल्यावर माजा पाय आनकी आखडला, तवा त्येनी पायरी खाली घेतली. मग मी न्हाणीत पडले तवा. शेवटची ते जायच्या आदल्या साली."

"तू सांगायचीस?"

"मी कशाला सांगू? आपल्याला चढाया येत न्हाई, आसं कुनी सांगतंय व्हय! मी चढताना ते बगायचे. मग एका आयतवारी पायरी दोन बोटं खाली आलेली आसायची. तेबी काय बोलायचे न्हाईत, मीबी न्हाई."

मला तिथं बसवेना. ज्याला मी चूक समजून हसलो होतो, ती त्यांच्या संसारातली सगळ्यात नेमकी गोष्ट होती आणि मी ती किलोच्या भावानं घालवली होती. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडलो.

रविवारी नवी पट्टी कापून आणली, जाड पत्र्याची पायरी केली. भोकं तेवढी पाडायची राहिली होती. टेप घेऊन आईला अंगणात बोलावलं.

"आई, सांग, किती खाली घेऊ?"

तिनं आधी टेपकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्येनी कदी इचारलं न्हाई रं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग तिनं एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ वर घेतला आणि जमेल तेवढा पाय उचलून धरला. मी खाली बसून टेप लावली. पाय जमिनीपासून चार बोटंसुद्धा वर आला नव्हता. तेवढ्या खाली गाडीला पायरी बसतच नाही. तिचा पाय एवढा गेलाय, हे मला तेव्हा कळलं.