आधी ड्रम्स

आमचा बँड तीन माणसांचा. मी बेस गिटार वाजवते. दुसरा गिटार वाजवतो आणि गातो. एरवी तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणतो. तिसरा ड्रमर, मूळचा बोनकोडे गावचा. त्याच्या शेतावर आता त्याचीच बिल्डिंग उभी आहे आणि भाडेकरू त्याला शेठ म्हणतात. आम्ही पोस्ट-पंक वाजवतो. म्हणजे काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले, तरी सांगते: चीड पंकचीच, आरडाओरडा कमी आणि बेस पुढे. त्यातलं शेवटचं मला फार आवडतं.

पंचवीसेक वर्षं आम्ही फक्त स्टेजवर वाजवलं. यंदा ठरवलं, पाच गाण्यांचा मिनी-अल्बम करायचा आणि तो नीट करायचा, स्टुडिओत बसून, एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करून. सानपाड्याला एका सोसायटीच्या तळमजल्यावर स्टुडिओ मिळाला. तिथली साउंड इंजिनिअर तिशीतली, हुशार, कमी बोलणारी. पहिल्याच दिवशी मला काकू म्हणाली. मी गिळलं.

सुरुवात ड्रम्सने. हेडफोनमध्ये क्लिक लावतात, एकसारखी टिकटिक, आणि तिला धरून वाजवायचं असतं. आमचा गडी दुसरं कडवं संपता संपता टिकटिकीच्या पुढे निघून जायचा. पुन्हा वाजवलं, पुन्हा पुढे. दुपार अशीच गेली. शेवटी इंजिनिअर म्हणाली, "काका, हवं तर ड्रम्स मशीनवर करू. या म्युझिकला शोभतील पण." आणि सगळ्यांच्या आधी मी म्हणाले, "चालेल की."

त्याने स्टिक्स पिशवीत घातल्या. "मना ती टिकटिक नाय जमत. लावा मशीन," म्हणाला आणि निघून गेला.

आमच्यात एक रीत आहे. स्टेजवर कोणी चुकलं तर थांबायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. तो जिथे गेलाय तिथे जाऊन उरलेल्या दोघांनी त्याला गाठायचं. ऐकणाऱ्यांना वाटतं, गाणंच तसं आहे. ती रीत मी दोन शब्दांत मोडली होती. ते मला कळलं नव्हतं असंही नाही. रेकॉर्ड लवकर हातात हवी होती, बस.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या ड्रम्सवर मी ऐटीत बेस वाजवायला बसले. अर्ध्यात इंजिनिअरने हात वर केला. "काकू, तुम्हीपण पळताय." कुठे, तर दुसरं कडवं संपताना. मी चिडले, तुझ्या मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे म्हणून तिला सुनावलं, पुन्हा वाजवलं आणि पुन्हा पळाले. मग मास्तर बसला. तोही तिथेच पळाला. तिने कालचे ड्रम्स धरून तिघांचं वाजवणं स्क्रीनवर एकाखाली एक लावून दाखवलं. आम्ही तिघंही एकाच जागी, एकाच मापाने पुढे गेलो होतो. जागेवर होतं ते फक्त मशीन, आणि त्यावर गाणं अगदी मेल्यासारखं वाजत होतं.

"मग चूक माझी झाली," ती म्हणाली. "तुमचं गाणंच असं आहे. क्लिक बंद करू. काकांना बोलवा."

मी बोनकोड्याला गेले. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीत वाकून कॉक बघत होता. "माझं चुकलं," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी हे त्याला कधी म्हटलं नव्हतं. त्याने मागे न बघता पाना माझ्या हातात दिला. "धर जरा." मी धरला. कॉक बसला, तेव्हा त्याने विचारलं, "कवा यायचं?"

त्याला एकट्याला आत बसवलं, कानात काही नाही. काचेच्या अलीकडे मास्तर आणि मी, रिकाम्या हातांनी. गाणं कुठे पोचलंय ते त्याला कळावं म्हणून आम्ही आवाज न करता ओठांनी सगळी गाणी गायलो, हातवारे करून, फळ्यापुढे उभं राहून शिकवावं तसे. बहुतेक गाणी त्याने पहिल्याच फटक्यात वाजवली. नंतर त्याच्यावर माझा बेस चढला, बेसवर गिटार. गिटार आम्ही जिन्यात रेकॉर्ड केली आणि सेक्रेटरीची बोलणी खाल्ली. आवाजावर आवाज रचण्यात पुढचे सात रविवार गेले. मला एकाही रविवारचा कंटाळा आला नाही.

सगळं झाल्यावर तिघांनी एका बाकावर बसून पाचही गाणी ऐकली. ड्रमर डोळे मिटून होता. संपल्यावर त्याने विचारलं, "ह्याच्यात मशीन किती हाय?"

"एका गाण्यात, काका. मागे बारीक टिकटिक ठेवलीय. ती तुमच्यावर बसवली. तुम्ही पळता तिथे तीपण पळते."

तो स्पीकरकडे वाकला. मग म्हणाला, "पळून दमली नाय ना?"

मी हसता हसता रडले. आम्ही चांगला बँड आहोत, असं मी मोठ्याने म्हणून टाकलं, आणि कोणीही हरकत घेतली नाही.