सहीबाईंची फाईल

सहीबाईंचा विश्वास फक्त कुलपावर, आणि तोही ते दोनदा ओढून बघितल्यावर. बत्तीस वर्षं त्या वकीलबाईंकडे टायपिस्ट होत्या. वकीलबाई बायकांसाठी कोर्टात भांडायच्या, घरी येऊन त्यावरच पुस्तकं लिहायच्या आणि कागद मात्र कुठेही टाकायच्या. शेवटी वैतागून टायपिस्टबाईंनी भिंतीवर पाटी लावली: जो फाईल उघडेल त्याने आतल्या बाजूला तारखेसकट सही करावी, मग तो कोणी का असेना. खुद्द वकीलबाईसुद्धा निमूट सही करायच्या. तेव्हापासून नाव पडलं सहीबाई.

वकीलबाई गेल्या आणि त्यांच्या भाचीने सगळे कागद ग्रंथालयाला देऊन टाकले. छप्पन खोकी! कोणीही यावं, वाचावं. आणि त्यात, एकोणीस नंबरच्या खोक्यात, सहीबाईंची स्वतःचीही फाईल होती. नवरा मारायचा, एकदा तर हात मोडला, तेव्हा वकीलबाईंनी त्याला घराबाहेर काढला होता. मुलाला मात्र सांगितलं होतं, बाबा बोटीवर नोकरीला आहेत. दर वाढदिवसाला बाबांचं टाइप केलेलं पत्र यायचं. कुठून यायचं ते काय सांगायला हवं? आता मुलगा चाळिशीला आला, पण आपला बाप चांगला होता ही त्याची समजूत मोडू द्यायची नाही, यासाठी बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

ग्रंथालयात कागद सांभाळणारी बाई फार गोड बोलायची. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय!

“एकोणीस नंबरचं खोकं दुरुस्तीला गेलंय, मावशी.”

“दुरुस्तीला? खोकं आहे की सायकल?”

“कागद जुने झालेत हो. चार दिवस थांबा.”

चार दिवस! तेवढ्यात गावभर होईल. आणि ती भाची? परवा फोनवर “तब्येत कशी आहे” म्हणाली. आयुष्यात कधी विचारलं नव्हतं मेलीने. वाचलंय, नक्कीच वाचलंय!

पाचव्या दिवशी खोकं आलं. पिशवी बाहेर ठेवायला लावली होती, पण कागद ब्लाउजमध्ये मावतील हे बाईंनी घरीच घडी घालून बघितलं होतं. त्यांनी फाईल उघडली. सगळी पानं जागच्या जागी. आतल्या बाजूला सह्या: वकीलबाईंची, त्यांची स्वतःची आणि खाली तिसरी.

मुलाची.

तारीख बावीस वर्षांपूर्वीची. बाईंना टायफॉइड झाला होता, महिनाभर त्यांच्या जागी तोच मशीनवर बसला होता. गुणी पोर. पाटी वाचली आणि सही केली.

बाईंनी कागदांना हातही लावला नाही. फाईल होती तशी बांधली.

“मावशी, रडताय का? कोणी वाचेल म्हणून भीती वाटतेय?”

“वाचून झालंय गं,” बाई म्हणाल्या, “ज्याने वाचायला नको होतं त्याचं.”

त्या वर्षीचा वाढदिवस त्यांना लख्ख आठवला. पोराने बाबांचं पत्र वाचलं, नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला होता, “आई, बाबांना कळव, आता पत्रं नकोत. बोटं दुखत असतील.” आणि बापाची कदर नाही म्हणून सहीबाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.