परतीचा खण

आमच्या सासूबाईंचा, सुशीलाबाईंचा, उभा जन्म पुण्यात ब्लाउज शिवण्यात गेला. आपली कात्री चुकत नाही, याचा काय तो तोरा! परदेशात, हॅमिल्टनला आमच्याकडे आल्यावर मापं द्यायला बायका मिळेनात, म्हणून बिचाऱ्या माझे पडदे कापत बसायच्या.

शेजारची इश्चेल ग्वाटेमालाची, माया लोकांतली. गॅरेजमध्ये कमरेला माग बांधून विणायची. ह्यांना येतं ते मराठी, तिला स्पॅनिश; तरी दोघींच्या कुंपणावरून हातवारे करत तासन् तास गप्पा.

नवरात्रात सासूबाईंनी तिची ओटी भरली. खण कुठला? ओळखीतल्या मंदाने दिलेला, तिला आणखी कोणी दिलेला, घरोघर फिरलेला. "कापड कडक आहे मेलं, खपवून टाकू," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात इश्चेल दोन लालभडक पट्टे घेऊन आली. त्यांवर पक्षी विणलेले, चारी बाजूंना काठ. सुई चालवल्यासारखा हात करून तिने ते सासूबाईंच्या ओंजळीत ठेवले.

"अगंबाई, परतीचा खण! शिवून घाल म्हणतेय. हा नाही हो फिरवायचा, मानाचा आहे!" असं म्हणून सासूबाईंनी कात्री लावली.

ब्लाउज असा बेतला होता, की बघत राहावं. शनिवारी तो घालून त्या मिरवत शेजारी गेल्या, मागे मी चिवड्याचा डबा घेऊन. दार इश्चेलच्या मुलीने, लुसियाने उघडलं. ती बघतच राहिली. मग इंग्रजीत हळूच बोलली, आणि त्याचं मराठी करायची पाळी माझ्यावर आली.

"आई, लुसियाच्या ग्रॅज्युएशनसाठी इश्चेलने अंगरखा विणला होता. तुम्ही ते पट्टे मधोमध नुसते जोडून द्यायचे होते. त्यांच्यात विणलेल्याला कात्री लावत नाहीत."

सासूबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवर ओढला. अंगातलं काढून देता येईना, घालून उभं राहवेना. इश्चेल बाहेर आली. काखेत अर्धा कापला गेलेला पक्षी तिने बोटाने चाचपला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना आत नेऊन बसवलं.

समोरच्या भिंतीवर आमचा खण टांगलेला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मॉम कोणाला हात लावू देत नाही," लुसिया म्हणाली. "आंटीने तो तिच्यासाठी स्वतः विणलाय ना?"

"काय म्हणतेय गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी तोंडाला पदर लावला. "खरं सांग तिला, अनुराधा. मला तोंड नाही."

मी इश्चेलकडे वळले आणि नुसता चिवड्याचा डबा पुढे केला.