लाडवांच्या बदल्यात बदकं

आमच्या घरात कोणी अंडंसुद्धा खात नाही आणि गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या गॅरेजमधला फ्रीझर बदकांनी भरलेला होता.

यात माझी चूक एवढीच की माझ्या आईने मला चांगलं वळण लावलं. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, त्यात काहीतरी घालूनच द्यायचा, हे ते वळण. (शिरीष, म्हणजे माझा नवरा, याला वळण म्हणत नाही, आजार म्हणतो. पण लाडू वळताना परातीतलं बेसन निम्मं तोच संपवतो, त्यामुळे त्याचं मत मी धरत नाही.)

इथे परदेशात, शहरातल्या रिकार्टन भागातल्या फ्लॅटमध्ये आमचं छान चाललं होतं. पण शिरीषला खिडकीतून पाणी दिसणारं घर हवं होतं. शेवटी शहरापासून तासाभराच्या अंतरावर एका तळ्याकाठी घर मिळालं. घराला थोडी जमीन होती, आणि जमिनीच्या कुंपणाला आतून लागून तळ्याकडे उतरणारी एक गाडीवाट होती. त्या वाटेवरून बदकांच्या मोसमात कॉलिन जातो, असं घर दाखवणाऱ्या बाईने सांगितलं. आम्ही इथल्या थाटात म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही, जाऊ दे की! माणूस बदकं बघायला जात असेल अशी आमची समजूत होती.

कॉलिन पलीकडच्या शेतावर एकटा राहायचा. (वय सत्तरीच्या पुढचं, पण इथे आजोबांनाही नावाने हाक मारतात, म्हणून एकेरी.) सोबतीला टेस नावाची काळी लॅब्रॅडोर कुत्री. तळ्याच्या कडेला फांद्या, पत्रे आणि गवत रचून केलेलं त्याचं एक खोपटं होतं, ज्यात लपून बदकांची वाट बघत बसायचं. इथले लोक त्याला मायमाय म्हणतात. ते कॉलिनच्या आजोबांनी बांधलं होतं.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, नीट उजाडायच्या आत, तळ्यावर धडाधड बार उडाले. शिरीष पांघरुणातूनच म्हणाला, कोणाचं तरी लग्न असेल. दहाच्या सुमारास दार वाजलं. दारात चिखलाने माखलेला कॉलिन, आणि त्याच्या हातात आइस्क्रीमचा मोठा डबा. पहिली जोडी नेहमी या घराची, एवढंच तो म्हणाला. मी आइस्क्रीम समजून तोंडभर आभार मानले आणि आम्हाला सगळ्यांना फार आवडतं असंही सांगून टाकलं. त्याचा चेहरा इतका खुलला की काय सांगू. तो गेल्यावर मी झाकण उघडलं. आत दोन बदकं होती, सोलून स्वच्छ केलेली, पाय हिरव्या सुतळीने बांधलेले.

शिरीष म्हणाला, कचऱ्यात टाक. मी म्हटलं, एक तर तो जीव गेलेला, त्यात कोणीतरी प्रेमाने दिलेला, कचऱ्यात कसा टाकू? मग त्याने जाऊन परत देऊन ये म्हटलं. आत्ताच फार आवडतं म्हणून सांगितलेलं, आता कुठल्या तोंडाने परत देऊ? शेवटी मी हातमोजे चढवले, डोळे अर्धे मिटले, बदकं वर्तमानपत्रात आणि पिशवीत गुंडाळली आणि गॅरेजमधल्या फ्रीझरच्या तळाशी ठेवून दिली. विषय संपला.

पण डबा उरला ना! तो मी उकळत्या पाण्याने इतका घासला की त्यावरचं नाव पुसलं गेलं, आणि बेसनाचे लाडू भरून कॉलिनला नेऊन दिला. तो लाडवांकडे बघतच राहिला. मला वाटलं, भारावला. (माझ्या हातचे लाडू बघून माणसं भारावतात असा माझा अनुभव आहे. निदान मी समोर असेपर्यंत तरी.)

पुढच्या शनिवारी पुन्हा दोन बदकं आली. मी चिवडा दिला. मग बदकांसोबत धुरावलेलं बदकाचं मांस आलं, तर मी शंकरपाळे दिले. त्यानंतरची बदकं जास्त मोठी होती, म्हणून मी करंज्या केल्या. इथे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, आणि त्या थंडीत आमच्याकडे दिवाळी चालू होती. रिकार्टनच्या इंडियन दुकानातला माणूस मला विचारू लागला की ताई, केटरिंग सुरू केलंत का. माझी मनगटं सुजली. आणि कॉलिन, गुडघा धरून लंगडत, दर शनिवारी पहाटे तळ्यावर जातच होता. काय हौस आहे म्हाताऱ्याला, असं मी शिरीषला म्हणायचे.

अशात सासूबाई आल्या. पुण्याचा पावसाळा टाळायला दोन महिने आमच्याकडे, तेही इथल्या कडाक्याच्या हिवाळ्यात. सासूबाई वीज खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना रिकाम्या खोलीतला दिवा आणि आतल्या गाठीचा माणूस या दोन गोष्टी खपत नाहीत. त्यांच्या पानाशेजारच्या भिंतीपलीकडे बदकं आहेत हे कळलं असतं, तर त्या पुढच्या विमानाने परत गेल्या असत्या. म्हणून मी प्रत्येक पुडक्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘ओला नारळ’ असं लिहिलं, आणि वर खबरदारी म्हणून आम्ही सांगितलं की गॅरेजमधला फ्रीझर बंद पडलाय, तो उघडूच नका.

“बंद पडलाय, मग घरघर कशाला करतोय?” सासूबाईंनी विचारलं.

“सवयीने,” शिरीष म्हणाला. आयआयटीतून शिकलेला माणूस हा!

आता बंद पडलेल्या फ्रिजचं पुण्यात काय करतात, हे मी विसरायला नको होतं. त्याची कोठी करतात. त्यात तांदूळ, गहू, जुनी मासिकं, काय वाटेल ते ठेवतात. सासूबाईंनी शुक्रवारी रात्री आमच्या नकळत फ्रीझरचं बटण बंद केलं (उगाच वीज कशाला), आणि शनिवारी सकाळी, आम्ही अंथरुणात असताना, बादली आणि फडकं घेऊन त्या तो पुसायला गेल्या. आत पाहतात तो नारळच नारळ. सुनेने एवढा नारळ साठवला म्हणून त्यांना आधी आश्चर्य वाटलं, मग कौतुक वाटलं, मग तो वाया जाईल म्हणून काळजी वाटली. त्यांनी सगळी पुडकी बाहेर काढून डेकवर उन्हात ओळीने मांडली आणि आत येऊन मला उठवलं. नारळाच्या वड्या करू म्हणाल्या, मोठी परात कुठे आहे.

मी अनवाणीच बाहेर धावले, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालायलाही थांबले नाही. पण माझ्या आधी टेस पोचली होती.

टेसला कॉलिनने लहानपणापासून एकच काम शिकवलं होतं. बदक कुठेही पडलेलं असो, ते तोंडात अलगद धरायचं आणि मालकाच्या पायाशी आणून ठेवायचं. कॉलिन त्या दिवशी गुडघ्यापायी उशिराच वाटेवरून तळ्याकडे निघाला होता. टेसने एक पुडकं उचललं, शेपूट हलवत वाटेवर नेलं, त्याच्या बुटांपाशी ठेवलं, आणि दुसरं आणायला परत आली. मी तिच्यामागे, सासूबाई माझ्यामागे. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पिशवी फाटली आणि कागद सुटला.

सासूबाई थांबल्या. त्यांनी चष्मा नीट केला.

“मेधा,” त्या शांतपणे म्हणाल्या, “या नारळाला पाय आहेत.”

मी काही बोलले नाही. (शिरीष ही घटना ऐतिहासिक मानतो.) समोरून कॉलिन येत होता. त्याच्या हातात उघडं पुडकं होतं, त्यातून स्वतःच बांधलेली हिरवी सुतळी दिसत होती. त्याने डेकवरची रांग बघितली, टोपी काढली, आणि पायरीपाशीच उभा राहिला.

“एकही खाल्लं नाहीत,” तो म्हणाला. “आधीच सांगायचं होतंत. मी उद्या मायमायमधलं सामान काढून नेतो. फाटक लावून घ्या.”

मला आधी त्याचं म्हणणंच कळेना. मग त्याने खाली बघत तुटक तुटक सांगितलं. या वाटेचा कुठेही कागद नाही. त्याच्या आजोबांपासूनचा रिवाज असा की मोसमातली पहिली जोडी या घरात द्यायची. घराने ती घेऊन खाल्ली की वर्षभर वाट मोकळी. नको असेल तर घर जोडी घेत नाही, माणूस समजून जातो, भांडण होत नाही. आणि आणखी एक नियम त्याच्या वडिलांचा. जेवढं खाल्लं जाईल तेवढंच मारायचं. त्या रांगेकडे बघत त्याने हातातलं पुडकं अलगद तिच्या शेवटी ठेवलं. वाट बंद झाली याचं दुःख तर होतंच, पण ती बदकं फुकट मेली याची त्याला लाज वाटत होती. आणि त्याला लाज वाटावी असं मी वागले होते. मला रडू फुटलं.

माझं रडणं बघून तो आणखी घाबरला. पण सासूबाईंनी परिस्थिती हातात घेतली. त्यांनी खुर्ची ओढली, कॉलिनला बस म्हटलं, शिरीषला चहा टाकायला पिटाळलं, आणि ऑफिसातल्या खणखणीत इंग्रजीत विचारलं, की एक जोडी द्यायचा रिवाज आहे तर एवढी बदकं कशाला दिलीत?

कॉलिन माझ्याकडे बघेना. मग म्हणाला, घराकडून जोडीच्या बदल्यात कधी कोणी काही दिलेलं नाही. मी लाडू दिले तेव्हा त्याला वाटलं, आपलं काहीतरी कमी पडलं. घराचं देणं अंगावर ठेवायचं नाही, म्हणून तो पुन्हा तळ्यावर गेला. मग चिवडा आला. तो पुन्हा गेला. गुडघा दुखत होता, पाऊस होता, मोसमाची हौस तर पहिल्या दोन आठवड्यांतच फिटली होती. पण शनिवार आला की माझा डबा त्याच्या ओट्यावर भरलेला उभाच.

“आणि लाडू कसे होते?” सासूबाईंनी विचारलं.

कॉलिनचे कान लाल झाले. डॉक्टरने त्याची साखर बंद केली होती. पण कोणीतरी हाताने केलेलं टाकायचं कसं, म्हणून सगळे लाडू, करंज्या आणि शंकरपाळे त्याच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवलेले होते.

शिरीष चहाचा ट्रे घेऊन दारातच मटकन बसला आणि हसायला लागला. मग कॉलिन हसला. मी नाक पुसत पुसत हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, त्या हिशेबाचं बोलत होत्या. आधी त्यांनी पदर नाकाला लावून बदकांची चौकशी केली. ती आतून अजून दगडासारखी गोठलेली होती. कॉलिनने सगळी घरी नेली, दिवसभर धुरी दिली आणि गावातल्या जुन्या शिकाऱ्यांच्या घरी वाटली. ज्यांना आता तळ्यापर्यंत चालवत नाही, अशी ती माणसं. एकही फुकट गेलं नाही हे सांगायला तो रविवारी संध्याकाळी मुद्दाम आला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्याला जेवायला थांबवलं. आमटी त्याने दोनदा घेतली. त्याने परत आणलेले लाडू सोमवारी शिरीषने ऑफिसात नेले.

राहिली वाट. आम्ही म्हटलं, काही देऊ नका, खुशाल जा. पण काही न देता जाणं कॉलिनला जमणार नव्हतं, हे सासूबाईंनी बरोबर ओळखलं. त्यांनी त्याच्या परसातले राखाडी भोपळे येता-जाता बघून ठेवले होते. एक भोपळा दर वर्षी, मोसमाच्या आदल्या दिवशी, असं त्यांनी ठरवलं. त्या बदल्यात आमच्याकडून काहीही जाणार नाही. मी तोंड उघडलं. त्यांनी नुसतं बघितलं. मी मिटलं.

या वर्षी मेमध्ये भोपळा आला. सोबत आमंत्रणही आलं. कॉलिन सांगत होता, पूर्वी या तळ्याभोवती मायमायची रांग होती, मोसमाच्या पहिल्या सकाळी अख्खा गाव जमायचा. आता जुने गेले, नव्यांना शनिवारी लवकर उठवत नाही. त्याच्या मायमायमधली दुसरी जागा रिकामीच असते. तिथे घराचं कोणी येऊन बसलं तर त्याला बरं वाटेल. बंदूक धरायची गरज नाही. शिरीषला अचानक कामं आठवली, म्हणून मी गेले.

नियम त्याने वाटेतच सांगितले. चमकदार कपडे घालायचे नाहीत, उभं राहायचं नाही, शेजारच्याच्या बाजूला आलेल्या बदकावर बार टाकायचा नाही, आणि आवाज करायचा नाही. पहिले तीन मी तंतोतंत पाळले. उजाडताना तळ्यावर गुलाबी उजेड पसरला, टेस माझ्या पायावर डोकं ठेवून बसली, आणि मला इतकं छान वाटलं की ते सांगितल्याशिवाय राहवेना. मग कॉलिनने हळूच आजोबांबद्दल काहीतरी सांगितलं. त्यावरून मला माझे आजोबा आठवले. त्यांच्यावरून आत्या आठवली, आत्यावरून तिच्या जावयाचं प्रकरण निघालं, आणि ते थोडक्यात सांगण्यासारखं नाहीच. कॉलिन आधी बंदूक धरून ऐकत होता, मग मांडीवर ठेवून, मग त्याने गोळ्या काढून ती कोपऱ्यात उभी केली आणि थर्मास उघडला. जावयाचं पुढे काय झालं, हे त्याने स्वतःहून दोनदा विचारलं. निघताना म्हणाला, पुढच्या वर्षीही ये.

त्या सकाळी आमच्या बाजूला एकही बदक फिरकलं नाही. मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई पुण्याहून म्हणाल्या, “मेधा, इतकी वर्षं तुझं बोलणं ऐकून कोणाचातरी जीव वाचला, हे पहिल्यांदाच झालं हो.”