मोरिता-सानचं कॉन्ट्रॅक्ट

"मोरिता-सानचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय. पुढे वाढवायचं नाही," आमचे मॅनेजर ओगावा-सान म्हणाले. जपानमधल्या मोठ्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. कामं घटली होती, वीज वाचवायला ऑफिसातले निम्मे दिवे बंद असायचे, आणि हेड ऑफिसकडून कॉस्ट कटिंगच्या मेल येत होत्या.

मी पुण्याहून आलेला टेस्ट लीड. म्हणजे सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका पकडणाऱ्या टीमचा प्रमुख. टीममध्ये सगळ्यात बारीक नजर मोरिता-सानची. माझ्या जपानी मेलमधल्या चुकाही त्या गुपचूप दुरुस्त करायच्या. पंचावन्नच्या पुढच्या, एकट्या. त्या 'हाकेन', म्हणजे एजन्सीमार्फत आलेल्या. काम आमच्याइतकंच, पण बोनस नाही, आणि काटछाट आली की पहिला नंबर त्यांचा.

बातमी मीच सांगितली. त्यांनी वाकून नमस्कार केला. मग हळूच म्हणाल्या, "कुलकर्णी-सान, माझी खोली एजन्सीची आहे. काम संपलं की तीही सोडावी लागते."

हे मला माहीतच नव्हतं. नोकरी आणि घर, दोन्ही एकदमच जाणार!

मी परत ओगावा-सानकडे गेलो. "जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रीन फक्त त्यांनाच कळतात. त्यांना थेट आपल्याकडे पार्ट-टाइम घ्या ना."

"बजेट नाही."

"एजन्सीचं कमिशन वाचेल की."

त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढून आकडे मांडले. "आठवड्याला तीन दिवस," शेवटी म्हणाले.

काम राहिलं, घर अडलं. ग्योतोकु भागात आमच्या घराजवळ एक खोली मिळत होती, पण भाडं थकलं तर भरणारा जामीनदार हवा होता. मोरिता-सानना जवळचं कोणी नव्हतं. मी तयार होतो. घराचा एजंट म्हणाला, "परदेशी माणूस चालणार नाही."

दुपारी जेवताना हे ओगावा-सानना नुसतं सांगितलं. मागितलं काहीच नाही. त्यांनी डबा बंद केला.

"फॉर्म कुठाय?"

जामीनदार म्हणून सही केली, आपल्या नावाचा शिक्का मारला. "ऑफिसात कुठे बोलू नका," एवढंच म्हणाले.

मोरिता-सानचा पगार घटला. उरलेले दोन दिवस त्या सुपरमार्केटात भाज्या पॅक करायच्या. जगणं सोपं झालं नाही, पण छप्पर राहिलं. कधी रविवारी आमच्याकडे आल्या, की बायकोने केलेले पोहे शेवटच्या दाण्यापर्यंत खायच्या.

नंतरही बऱ्याच काटछाटी पाहिल्या. आता कोणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय म्हटलं, की मी आधी विचारतो, हा माणूस राहतो कुठे? काटछाटीच्या एक्सेल शीटमध्ये तो रकाना नसतो.