मोहाच्या घरचं नाव

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. राबहाचं मात्र सगळं आयुष्य दुसऱ्यांना ती पायरी चढवण्यात गेलं. ॲटलासच्या डोंगरातल्या त्या बाजारगावात, औषधाच्या दुकानामागे तिची एक खोली होती. फी नाही. नवऱ्यानं टाकलेली, पोटगी अडलेली, जी येईल तिला ती आधी पुदिन्याचा चहा द्यायची, मग शिव्या, मग सल्ला. शिव्या अशासाठी की बाया पाणी नाकापर्यंत आल्याशिवाय यायच्या नाहीत.

हद्दा अशीच उशिरा आली. तिचा नवरा मोहा आगादीर शहरात बांधकामावरून पडून गेला होता. लग्न डोंगरातल्या रीतीनं झालेलं. चार वडीलधारे बसले, फातिहाची प्रार्थना पढली, मेंढा कापला, की झालं लग्न. कागद कुणी केला नाही. आता मुलगी इज्जा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसायची होती. परीक्षेला ओळखपत्र हवं, त्यावर बापाचं नाव हवं, आणि ते हवं तर न्यायाधीशांपुढे लग्न शाबीत व्हायला हवं. नाहीतर पोर कागदोपत्री बिनबापाची.

साक्षीला एकच माणूस उरला होता, फातिहा पढणारा उहद्दूबाबा. खोटं बोलायची वेळ आली तर जीभ हासडून देईल असा म्हातारा. राबहा निर्धास्त होती.

न्यायाधीशांनी विचारलं, लग्न कुणाचं लावलंत? मोहाचं, म्हातारा म्हणाला. कुणाशी? त्याच्या घरच्या मंडळींशी. मंडळींचं नाव काय? इथे म्हातारा जो मूग गिळून बसला तो बसलाच. साहेब शहरातले. साक्षीदार वधूला ओळखत नाही, असं त्यांनी लिहून घेतलं आणि शेवटची एक तारीख दिली.

राबहानं कपाळावर हात मारला. ती स्वतः डोंगरातली. परक्याच्या बायकोचं नाव चारचौघांत घेणं म्हणजे तिच्या डोक्यावरचं फडकं ओढणं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नेमकं तेच विसरून बसली होती. स्वतःला तिनं त्या दिवशी बायांना द्यायच्या सगळ्या शिव्या दिल्या.

दुसऱ्याच दिवशी इज्जाला घेऊन ती म्हाताऱ्याच्या घरी गेली. त्यानं पाव आणि ऑलिव्हचं तेल पुढे केलं, ख्यालीखुशाली विचारली, पण खटल्याचा विषय निघाला की तो आपली शेळी बघायचा.

शेवटी म्हणाला, "जन्मभर ते नाव तोंडी आणलं नाही. मोहा मातीत गेला आणि आता मी त्याच्या घरची अब्रू कारकुनांपुढे मांडू?"

"मोहानं परवानगी दिली असती तर?"

"तर वेगळं. पण तो कुठून देणार?"

राबहानं चहाचा पेला खाली ठेवला. "परवानगी द्यायचा हक्क त्याच्यामागं कुणाचा?"

"त्याच्या रक्ताचा," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असणार?"

राबहानं इज्जाला डोळ्यांनी खुणावलं. पोर उठली, तिनं म्हाताऱ्याच्या फेट्यावर ओठ टेकले आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईचं नाव घ्या. माझी ना नाही."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापाचंच कपाळ आहे," एवढंच बोलला.

तारखेला तो धुतलेला झगा घालून आला. न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला. म्हाताऱ्यानं आधी हद्दाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "माफी असावी. मोहाच्या लेकीनं मला परवानगी दिली आहे, म्हणून बोलतो. हद्दा. सईदची लेक हद्दा. मोहाशी तिची फातिहा मी पढलो."

न्यायाधीशांची लेखणी थांबली. "कुणी परवानगी दिली?"

"मोहाच्या लेकीनं. दुसरं कोण देणार?"

साहेबांनी बाकावरच्या इज्जाकडे पाहिलं आणि मग लग्न आणि लेक, दोन्ही गोष्टी सावकाश लिहून घेतल्या. जे शाबीत करायला राबहा महिनोन्‌महिने झिजली होती, ते म्हाताऱ्यानं सहज बोलून टाकलं होतं.

तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. शेजारी पाहिलं तर हद्दा उभी राहिली होती. कुणी हाक मारल्यावर उठतात तशी. राबहानं तिचा हात धरून खाली बसवलं, तेव्हा ती कुजबुजली, "तो गेल्यापासून बाप्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं गं."