आईचा व्हिसा

माझी बहीण इंग्लंडमध्ये वारली त्या वेळी आई इथे भाईंदरला, आमच्या इंद्रलोकमधल्या घरात, भरलेल्या बॅगेशेजारी बसलेली होती. आई तिच्यापर्यंत पोचली नाही याला कारण मी आहे. हे वाक्य लिहायला मला बरेच महिने लागले, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

आम्ही मूळचे इथल्याच खाडीकाठच्या मुर्धा गावचे. आईवडील दोघांनी मिठागरात काम केलं. घरात कॉलेजपर्यंत शिकलेला पहिला मी, त्यामुळे गावातला कुठलाही सरकारी कागद माझ्याकडे यायचा. आजही मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये चार माणसं तरी फॉर्म घेऊन बसलेली असतात. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असतं, आधारवरची जन्मतारीख बदलायची असते. मी भरून देतो. कागदातलं मला कळतं असं गाव मानतं, आणि मीही तसंच मानत होतो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मूळचं गोव्याचं एक जोडपं राहतं. नवरा जहाजावरून निवृत्त झालेला. त्याच्या आजोबांच्या जन्मनोंदीवरून त्याला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळालं, पुढे बायकोलाही मिळालं. राहतात मात्र इथेच. बाजारात आमच्यासारखीच घासाघीस करतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्यासारखेच भांडतात. परदेशी नागरिकाला भारतात राहायला जे कार्ड लागतं त्याचा त्यांचा फॉर्म मीच भरून दिला होता. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘पोर्तुगीज’ हा शब्द मी माझ्या बोटांनी टाइप केला होता. त्यांचा तो गडद लाल पासपोर्ट मी हातात घेऊन पानं उलटली होती. हे सगळं सांगतोय, कारण पुढे मी जे केलं त्याला ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तो लंडनला मुलीकडे जाऊन आला. लिफ्टपाशी भेटला तेव्हा मी विचारलं, “व्हिसाला किती दिवस लागले?”

“कसला व्हिसा, बॉस? आता ईटीए आहे ना, ऑनलाइन परमिशन. फोन पे पासपोर्ट स्कॅन किया, थोबडे का फोटो खींचा, दुसऱ्या दिवशी मेल आला. चाय पीते पीते हो गया.”

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, “आईचं काम सोपं झालं.”

आईचं काम म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला भेटायला जाणं. बहीण लग्नानंतर तिकडे गेली आणि तिथेच राहिली. दोन वर्षांपूर्वी तिला कॅन्सर निघाला. उपचार चालू होते, बरं वाटत होतं, मग त्या उन्हाळ्यात तो पुन्हा दुसरीकडे दिसला. तिला इकडे येण्याची डॉक्टर परवानगी देत नव्हते. तेव्हा आईनेच जायचं ठरलं. आई चौऱ्याहत्तरची, एकटी जाणं शक्य नाही, म्हणून सोबत मी. दोघांचेही पासपोर्ट काढलेले होते, आत एकही शिक्का नसलेले. आई मला एकच गोष्ट म्हणाली होती, “मना तिकडचा काय बघायचा न्हाय. तिच्या डोक्यावरना एकदा हात फिरवला का झाला.”

बहिणीने पहिला फोन केला तो गौरींच्या दिवसांत.

“दादा, आईचं व्हिसाचं सुरू केलंस का?”

“अगं, आता ते ईटीए निघालंय. दोन दिवसांचं काम आहे.”

“आपल्या पासपोर्टला नाही चालत बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे? तुला नक्की माहीत आहे का?”

“नाही माहीत रे. मी आले तेव्हाचं सगळं वेगळं होतं. म्हणून तर म्हणतेय, तू साईटवर वाच ना एकदा.”

“वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय मी. आता मेमसाहेब मला शिकवणार!”

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि फोन तिच्या नवऱ्याने घेतला. थोड्या वेळाने तिने लिंक पाठवली. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि लिंक उघडली नाही. अशी तिने ती तीनदा पाठवली. पुढे एकदा फोन न करता नुसतं लिहिलं, ‘दादा, प्लीज वाच.’ तेही वाक्य मी वाचलं आणि ठेवून दिलं.

का उघडली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आळस होताच. पण त्याहून वाईट म्हणजे मला ते सोपं असायला हवं होतं. व्हिसा म्हटलं की बँकेचे कागद, तिचं निमंत्रणपत्र, अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, रजा. ईटीए म्हटलं की फोन. समोरच्याने सांगितलेलं मला सोयीचं होतं, म्हणून मी ते तपासलं नाही. इतरांच्या कागदावर मी स्पेलिंगची चूकसुद्धा सोडत नाही.

दिवाळीनंतर जायचं असं आमचं ठरलं. आईने सुकट निवडून, भाजून, डब्यात भरली. बॅग आणली. मी तिला सांगत राहिलो, तिकिटं काढली की फोनवर दोन दिवसांत परवानगी येईल.

दिवाळी होऊन आठवडा झाला नसेल. रविवारी अकराच्या सुमारास हॉलमध्ये नेहमीची माणसं बसलेली असताना मेव्हण्यांचा फोन आला. तिकडे तेव्हा उजाडलंही नव्हतं.

“दादा, आता निघा. डॉक्टर आठवडा म्हणतायत. कदाचित दहा दिवस. ती आईंना विचारतेय.”

मी लोकांना उठवलं. आईला पासपोर्ट आणायला सांगितलं, ॲप उघडलं, त्यात देश निवडला. पडद्यावर आलं की या पासपोर्टवर ईटीए मिळणार नाही, व्हिसा घ्यावा लागेल. मला वाटलं, चुकीचं बटण दाबलं गेलं. पुन्हा केलं. मग पहिल्यांदा ती बहिणीने पाठवलेली लिंक उघडली. साध्या भाषेत लिहिलेलं होतं. ज्या देशांच्या नागरिकांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठी ईटीए. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी व्हिसाच काढायचा. खाली देशांची यादी होती. पोर्तुगाल होता. भारत नव्हता. वाचायला मला दोन मिनिटं लागली असतील.

आई पासपोर्ट धरून उभी होती. “झाला?”

“व्हिसा काढावा लागेल.”

“तू तर दोन दिसांचा काम बोललास.”

माझ्या तोंडून निघालं, “समोरच्यांनी चुकीचं सांगितलं.”

आईने दाराकडे पाहिलं. एवढंच.

व्हिसाचा फॉर्म लांब असतो. महिन्याला खर्च किती, दहा वर्षांत कुठे प्रवास केला, कुणी सांभाळतं का. एका पानावर विचारतात, तुम्ही कधी युद्धगुन्हा केला आहे का, दहशतवादाला मदत केली आहे का. सगळ्याची उत्तरं खरी द्यायची म्हणून मी तेही तिला विचारलं.

“मिठागरात पाय कुजवलं, त्यो गुन्हा लिव,” आई म्हणाली. “आन लवकर लिव.”

लवकर निकालाची सोय घेतली. ती घेऊनही ठसे दिल्यावर पाच कामाचे दिवस लागतात. ठसे द्यायला सगळ्यात जवळची वेळ बुधवारची मिळाली. मुंबईच्या त्या केंद्रात काचेच्या यंत्रावर आईच्या बोटांचे ठसे उठेनात. काउंटरवरची मुलगी बाहेर आली, तिने ओल्या कागदाने आईची बोटं एकेक करून पुसली.

“आजी, जरा जोरात दाबा हं.”

“बाय, ही बोटां मिठानी खाल्ली. दाबून काय व्हणार?”

“कुणाकडे चाललात?”

“लेकीकडं. ती थांबलीय माज्यासाठी.”

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. चौथ्या वेळी ठसे आले. आमचे दोन्ही पासपोर्ट तिथे ठेवून घेतले आणि आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. आता कुणाला फोन करून, कुणाच्या पाया पडून काही होणार नव्हतं.

गुरुवारी मेव्हण्यांनी व्हिडिओ कॉल लावला. बहिणीचे डोळे अर्धे उघडे होते. आईने फोनच्या काचेवरून हात फिरवला, तसा चुकून कॉल बंद झाला. पुन्हा लावला तेव्हा ती झोपली होती. शनिवारी दुपारी ती गेली.

पासपोर्ट पुढच्या बुधवारी आले. व्हिसा मिळाला होता, सहा महिन्यांचा. तिकडे अंत्यविधीला दिवस मिळायला वेळ लागतो, तो अजून व्हायचा होता. मी आईला म्हटलं, अजूनही जाता येईल.

“कोणाकडं?” तिने विचारलं.

मी एकट्याने जाऊन यावं असं बायको म्हणाली. मी गेलो नाही. माझ्यामुळे आई राहिली आणि मी जाऊन बहिणीचं तोंड बघायचं, ते मला जमलं नाही. विधी आम्ही फोनवर पाहिला. आई दोन मिनिटं बसली आणि उठून आत गेली. ती रडली नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

इथवरची चूक निष्काळजीपणाची होती असं म्हणून मी स्वतःला कदाचित कधीतरी सोडलं असतं. पण पुढचंही आहे.

सुतकाच्या घरात पहिले दिवस आमच्यात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. पहिला डबा समोरून आला. समोरची बाई आणि आई यांचं चांगलं होतं. रोज संध्याकाळी ती आईला हाताला धरून खाली बाकावर घेऊन जायची. एक मोडक्या हिंदीत बोलायची, दुसरी मोडक्या मराठीत, आणि दोघी हसायच्या. त्या दिवशी तिने भात आणि वरण दिलं होतं. आईने डब्याचं झाकणही उघडलं नाही.

“परत दे. त्यांच्या घरचा मना नको.”

सुतकातला डबा परत करणं म्हणजे संबंध तोडणं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तो डबा मी परत नेला. भरलेला, अजून गरम. बाई तो घेऊन आत गेली. तिचा नवरा माझ्यामागून पॅसेजमध्ये आला.

“भाई, हमसे कुछ गलती हुआ क्या?”

“नाही नाही. आईला जेवण जात नाहीये.”

म्हणजे आईला एक खोटं सांगितलं होतं आणि त्याला दुसरं. आई बाकावर जायची थांबली. समोरचं दार उघडलं की ती आपलं दार लावून घ्यायची. मुलगी गेली होती आणि दिवसातली एक मैत्रीण होती तीही गेली, आणि दोघीही मी घालवल्या होत्या. माझ्या बायकोला खरं काय ते माहीत होतं. ती एकदा म्हणाली, “अहो, सांगून टाका.” मी म्हटलं, आईला आता आणखी त्रास कशाला. खरं तर त्रास माझा मला वाचवायचा होता.

माघात आम्ही मुर्ध्याला एका नातेवाइकांच्या हळदीला गेलो. बायका आईभोवती बसल्या होत्या. कुणीतरी बहिणीचा विषय काढला. आई म्हणाली, “समोरच्या त्या गोव्याच्यानी फसवला. बोलला व्हिसा लागत न्हाय. न्हायतर माज्या पोराना सगला येळेवर केला असता. त्याला कागदाचा सगला कलतं.”

बायकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

बायको हळदीला मागे थांबली, परतताना रिक्षात आई आणि मी दोघंच होतो. खाडीकडचा वास येत होता. मी सांगितलं. समोरच्यांचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा आहे, त्यांनी त्यांच्यापुरतं खरं सांगितलं, मला ते माहीत होतं, मी वाचलं नाही.

तिने विचारलं, “पोरीना सांगितला व्हता तुला? वाच म्हणून?”

“हो.”

“कितीदा?”

“तीनदा लिंक पाठवली. एकदा लिहिलं.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला, रिक्षावाल्याला थांब म्हणतात तसा.

लिफ्टमधून बाहेर आल्यावर ती आमच्या दाराकडे वळली नाही. तिने समोरची बेल दाबली. बाईने दार उघडलं, आईला बघून ती दचकली.

“मेरे को मालूम न्हाय था,” आई म्हणाली. “ये मेरा पोरगा झूट बोला. तुमारा डबा मैं वापस किया.”

“जाने दो ना, मौसी. अंदर आओ.”

“मेरी पोरी को मैं देखीच न्हाय,” आई म्हणाली.

बाईने तिला खांद्याला धरून आत घेतलं. मी पॅसेजमध्ये उभा होतो. बाईने माझ्याकडे पाहिलं, आत ये म्हणाली नाही, पण दार हळूच लोटलं, आपटलं नाही. मी किल्ली काढून आमचं कुलूप उघडत होतो, तेव्हा आतून आईचा रडण्याचा आवाज आला. मोठ्याने, हेल काढून, मुर्ध्याच्या बायका रडतात तसा, बहिणीचं नाव घेऊन. तीन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या घरात ती रडली नव्हती.

मी दार उघडं ठेवून आमच्या उंबऱ्याशी बसलो आणि ऐकत राहिलो.